बैल पारखतो, पोरं कोण पारखणार?

टोकियोचं ऑलिंपिक (२०२० चं, पण झालं २०२१ मध्ये) आणि नंतर २०२४ चं पॅरिस, दोन्हीकडे आपल्या पुरुष हॉकी संघानं ब्राँझपदक आणलं. सगळ्यांबरोबर मीही आनंद साजरा केला, आणि मग दोन्ही वेळा एक रिकामटेकडा उद्योग केला. संघाची यादी समोर घेऊन त्यात महाराष्ट्राचं कोण आहे ते शोधलं. पंजाब भरभरून होता, हरयाणा होता, ओडिशा होता, केरळचा श्रीजेश होता. आपलं कुणीच नाही. टोकियोत नाही, पॅरिसमध्येही नाही.

आता थोडं मागे जाऊ. २००४ चं अथेन्स. त्या संघात धनराज पिल्ले, विक्रम पिल्ले, वीरेन रस्किन्हा आणि एड्रियन डिसूझा. म्हणजे खडकीचे दोघं आणि मुंबईचे दोघं! २०१६ च्या रिओला मुंबईचा देविंदर वाल्मिकी होता. त्यानंतर टोकियो आणि पॅरिस कोरडं.

हा विषय निघाला की नेहमीची उत्तरं येतात. क्रिकेटनं सगळं खाल्लं. मैदानं नाहीत. संघटनेत राजकारण. पोरं मोबाइलमध्ये. यातलं प्रत्येक थोडंथोडं खरं असेलही. पण क्रिकेट पंजाबातही आहे, राजकारण सगळीकडे आहे, आणि मैदान म्हणाल तर बालेवाडीत कृत्रिम गवताचं आहे, पिंपरीच्या नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आपली भरती बिघडली. भरती म्हणजे संघात नवं पोर कुठून येतं, त्याला कोण निवडतं, आणि ते मोठं झाल्यावर त्याला कोण सांभाळतं, हे सगळं. ही भरती बिघडल्याचं लगेच कळत नाही, दहा-पंधरा वर्षांनी कळतं. तोपर्यंत ज्यांच्या काळात ती बिघडली ते निवृत्त होऊन गेलेले असतात आणि शिव्या खातो आजचा प्रशिक्षक.

अमेरिकेतल्या कॉलेजांत हॉकी (त्यांची बर्फावरची) फार गंभीरपणे घेतात. तिथल्या प्रशिक्षकाचं निम्मं काम मैदानावर आणि निम्मं पोरं हेरण्यात. तिथला हिशोब समजायला सोपा आहे. पोरगं चार वर्षं कॉलेजात असणार. या वर्षी चांगली पोरं मिळाली नाहीत, तर या वर्षी काहीच बिघडत नाही. वरच्या वर्गातले जुने खेळाडू जिंकून देतात, कॉलेज खूश. दोन-तीन वर्षांनी ते जुने बाहेर पडले की खालचा पोकळ वर्ग वर येतो. मग हरायला लागतात. हरणाऱ्या कॉलेजात चांगलं पोर यायला तयार होत नाही, म्हणून पुढची भरती आणखी वाईट. चाक उलटं फिरायला लागलं की थांबवणं फार कठीण. कॅनडाच्या मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना तिथल्या कॉलेज हॉकीची दारं पूर्वी बंद होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलायचं ठरलं आणि ऑगस्ट २०२५ पासून दारं उघडली. एक नियम बदलला आणि पोरं कुठून आणायची याचं गणितच बदललं. तिथले लोक खेळाइतकीच भरतीची चर्चा करतात, ते उगाच नाही.

आपल्या जुन्नर-आंबेगावला हे कुणी शिकवायची गरज नाही खरं तर. आपल्याकडे भरतीचं शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त ते बैलांसाठी आहे :)

बेल्ह्याच्या बैलबाजारात शर्यतवाला माणूस खोंड कसा बघतो ते आठवा. दात बघेल, खूर बघेल, भोवरा कुठे आहे बघेल, चालवून बघेल, त्याच्या आईबापाची चौकशी करेल. नुसत्या नजरेवर विश्वास नाही म्हणून गावातल्या दोन जाणत्यांना बरोबर नेईल. मग तो खोंड घरी आणून दोन-तीन वर्षं पोसायचा, हळूहळू घाटात पळवायचा, आणि मग कधीतरी एक बारी अशी बसते की पंचक्रोशीत नाव होतं. त्या काही सेकंदांच्या बारीमागे बाजारातली ती नजर आणि मधली पोसणूक असते. २०१४ ला शर्यतींवर बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती उठली. मधल्या काळात शर्यतवाले काय सांगत होते? आज शर्यत बंद आहे याचं दुःख आहेच, पण खोंड सांभाळणंच थांबलं तर उद्या परवानगी मिळूनही पळवायचं काय? शर्यतींच्या बाजूनं किंवा विरुद्ध तुमचं काहीही मत असो (माझ्याच घरात दोन मतं आहेत), त्यांचं हे गणित बरोबर होतं. तेच गणित पोरांच्या बाबतीत आपल्याला सुचत नाही.

आता आपल्या हॉकीची भरती पूर्वी कशी चालायची ते बघू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला स्वतंत्र भारतानं पहिलं सुवर्ण जिंकलं. त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ अशी मुंबईकडून खेळणारी मंडळी होती. १९८० च्या मॉस्कोच्या सुवर्णपदक संघात मर्विन फर्नांडिस आणि सोमय्या होते. ही माणसं आभाळातून पडली नाहीत. वांद्र्यासारख्या भागातल्या शाळा, चर्चची आवारं, स्थानिक क्लब ही पहिली पायरी. दुसरी पायरी नोकरीची. रेल्वे, कस्टम्स, बँका, टाटा, महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम अशी मुंबईत संघ बाळगणारी कितीतरी आस्थापनं. शाळेत चमकलेलं पोर विसाव्या वर्षी कुठल्यातरी कंपनीत लागायचं, सकाळी सही करून दुपारी मैदानावर जायचं. आईबापांनाही ठाऊक असायचं की पोर हॉकी खेळलं म्हणून उपाशी मरणार नाही.

धनराज पिल्लेची गोष्ट याचं उत्तम उदाहरण आहे. १९६८ चा जन्म, खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. घरची गरिबी, मोडक्या काठ्या बांधून खेळायचे. हे आपण सगळे कौतुकानं सांगतो. पण पुढचं सांगत नाही. मोठा भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत होता. त्यानं धाकट्याला मुंबईला नेलं. मग महिंद्रा, मग इंडियन एअरलाइन्स. म्हणजे खडकीच्या गल्लीतून चार ऑलिंपिकपर्यंत जी शिडी होती, तिच्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी हात धरणारं होतं. यातली एक पायरी जरी नसती तरी धनराज खडकीतच राहिला असता, आणि 'काय खेळायचा तो!' असं आपण चहाच्या टपरीवर ऐकलं असतं. असे किती जण टपरीवरच राहिले, त्याची नोंद कुठे नाही.

पुढे काय झालं? दोन्ही टोकं एकदम सुटली. वांद्र्याकडची कुटुंबं आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली, त्यामुळे खालून येणारी पोरं घटली. वरून नोकऱ्या आटल्या. इंडियन एअरलाइन्स एअर इंडियात विलीन झाली, एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. सरकारी कंपन्या आणि बँकांतली खेळाडूंची भरती पूर्वीसारखी राहिली नाही. त्यातच १९७६ च्या माँट्रियलपासून ऑलिंपिकची हॉकी कृत्रिम गवतावर गेली होती. मातीवर शिकलेल्या पोराला मोठ्या मैदानावर न्यायचं तर मध्ये आणखी एक पायरी लागायला लागली, आणि ती महाग होती.

हे फक्त आपलंच झालं असं नाही. जालंधरजवळ संसारपूर नावाचं गाव आहे. त्या एका गावानं चौदा ऑलिंपिक हॉकीपटू दिले म्हणतात. १९७५ चा विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार अजितपालसिंग तिथलाच. पुढे घरंच्या घरं परदेशी गेली आणि ज्या गल्लीत ऑलिंपिकवाले राहायचे त्या गल्लीतून खेळाडू येणं जवळजवळ थांबलं. परंपरा, इतिहास, फोटो सगळं जागच्या जागी आहे. खाली पोरंच नाहीत.

आता उलट उदाहरण. अथेन्सच्या ज्या संघात आपले चौघं होते, त्याचा कर्णधार कोण होता? दिलीप तिर्की. ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यातल्या सौनामारा नावाच्या आदिवासी खेड्यातला. पॅरिसच्या संघात बचावफळीत कोण होता? अमित रोहिदास. त्याच सौनामाराचा! वीस वर्षांत आपण चारावरून शून्यावर आलो आणि ते एक खेडं जिथल्या तिथे टिकून राहिलं. का? तिकडे हॉकी गावच्या जत्रेसारखी आहे, बक्षिसाला बोकड लावून सामने होतात, बांबूच्या काठ्या घेऊन पोरं खेळतात, हे सगळं आहेच. पण उत्साह तर आपल्याकडेही कमी नाही, आपल्या कबड्डीच्या सामन्यांना येणारी गर्दी बघा. तिकडे फरक पडला तो पानपोषच्या क्रीडा वसतिगृहानं. १९८५ पासून राउरकेलाजवळचं हे वसतिगृह खेड्यातली पोरं उचलतं, जेवू-खाऊ घालतं, शिकवतं. दिलीप तिर्की तिथूनच पुढे आले. वसतिगृहाच्या पुढे पोलाद कारखाना, रेल्वे अशा नोकऱ्या. ओडिशा सरकारनं २०१८ पासून राष्ट्रीय संघ प्रायोजित केला त्याची जाहिरात सगळ्यांनी पाहिली. पानपोषची चाळीस वर्षं कुणी पाहिली नाहीत.

आणि फार लांब कशाला, फलटण घ्या. अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ. तिघी फलटण तालुक्यातल्या, शेतकरी-कष्टकरी घरांतल्या, तिघींनी भारताची जर्सी घातली. वैष्णवी तर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ब्राँझ जिंकणाऱ्या संघात होती. एकाच तालुक्यातून तीन मुली हा योगायोग मानायला मी तयार नाही. शाळेच्या मैदानावर शिकवणारं कुणीतरी होतं, तिथून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जाण्याचा रस्ता होता आणि तो रस्ता एका मुलीनं चालून दाखवल्यावर दुसरीच्या आईबापांना धीर आला. पहिली मुलगी जाणं सगळ्यात अवघड असतं.

क्रीडा प्रबोधिनी ही कल्पना मला मनापासून आवडते. १९९६ साली सुरू झालेली राज्य सरकारची योजना. लहान वयाच्या मुलांची चाचणी घ्यायची. उंची-वजन, उड्या, मेडिसिन बॉल फेक, तीस मीटर धाव, आठशे मीटर धाव वगैरे. हॉकी येते का, कुस्ती येते का, असलं काही विचारायचं नाही, अशी मूळ कल्पना होती. शरीरात काय आहे ते बघायचं आणि खेळ नंतर ठरवायचा. म्हणजे बेल्ह्याचा बाजारच, पण पोरांसाठी.

आपली महाविद्यालयं मात्र नेमकं याच्या उलट करतात. (सगळी नाहीत, पण बरीच.) दुसऱ्या कुणीतरी दहा वर्षं घडवलेला राष्ट्रीय खेळाडू प्रवेश देऊन आणायचा, तीन वर्षं आंतरमहाविद्यालयीन करंडक घ्यायचे, कार्यालयाबाहेर फ्लेक्स लावायचा. पोरगं गेलं की संघ संपला. कारण खाली काहीच लावलेलं नसतं. दुसरीकडे दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण यासाठी खेळणारी एक वेगळीच जमात तयार झाली. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं पेपरात येऊन गेली ती आठवत असतील. माझा आरक्षणाला अजिबात विरोध नाही, उलट ती वरची पायरी हवीच. पण त्या पायरीवर खोटा माणूस चढला की खऱ्याची जागा जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे खेड्यातल्या बापाचा भरवसा जातो. 'ते सगळं वशिल्याचं असतं' हे एकदा मनात बसलं की तो पोरीला चाचणीला पाठवतच नाही. भरती तिथेच मेली.

आता घाटघर. (अकोल्याकडचं धरणवालं घाटघर नव्हे, आपलं नाणेघाटाचं!) जुन्नरहून आपटाळे, चावंड करत वर गेलं की रस्ता जिथे संपत येतो ते गाव. एका बाजूला जीवधन, समोर कोकणात उतरणारा कडा. शनिवार-रविवारी पावसात नाचायला येणारी पुण्या-मुंबईची गर्दी सगळ्यांना माहीत आहे. तिथे राहणारी पोरं फारशी कुणाला माहीत नाहीत. भाताची खाचरं, आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायला रानोमाळ. आधीची पिढी तर ओझं घेऊन घाट उतरायची, खाली वैशाखऱ्याला जाऊन पुन्हा चढून यायची. आठशे मीटरची धाव या पोरांना व्यायाम वाटायचीच नाही.

माझ्या मावसभावाची मुलगी अकरा वर्षांची आहे, आश्रमशाळेत शिकते. पळण्यात पहिली आली म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून घरात लावलंय. चाचणीची सूचना म्हणे शाळेत आली होती. घरी कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. कुणी मुद्दाम केलं असं नाही. शिक्षकांना शंभर कामं, आणि जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत तर वेगळा क्रीडाशिक्षक नसतोच. मी चिडून बोलायला लागलो तर मावशी शांतपणे म्हणाली, "पोरगी धावंल रं बाबा, पण धावून जायाचं कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही अर्धंच आहे. कारण मावशी चुकीचं काही बोलली नाही. अकरा वर्षांच्या पोरीला घरापासून लांब वसतिगृहात ठेवायचं, तिचा गुडघा दुखावला तर? निवड नाही झाली तर? सोळाव्या वर्षी परत पाठवली तर शिक्षणाचं काय? शहरातले आपण 'टॅलेंट' म्हणून टाळ्या वाजवतो, जोखीम मात्र त्यांच्या घराची असते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझ आणि त्याच वर्षी आशियाईत रौप्य घेऊन आली, हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "एक गेली रं, बाकीच्या?" बाकीच्यांचं उत्तर व्यवस्थेनं द्यायचं असतं, पदकानं नाही. वसतिगृहात शिक्षण नीट आणि पुढे नोकरीची दारं खरी, एवढं दिसलं तर बाप स्वतः पोरीला मोटारसायकलवर घालून पुण्याला आणेल. शिकायला आणतातच की.

मला सुचतो तो उपाय अगदी साधा आहे. जुन्नर-आंबेगावच्या आश्रमशाळा घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखाली येतात. आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा होतात. कबड्डी, खो-खो, धावणं, उड्या. म्हणजे दोन्ही तालुक्यांतली शेकडो काटक पोरं-पोरी एका ठिकाणी, एका वेळी, आयतीच जमतात. तिथे क्रीडा प्रबोधिनीची दोन जाणती माणसं वही-पेन आणि स्टॉपवॉच घेऊन बसवा. चाचणी तिथेच घ्या. पोरांना पुण्याला बोलावू नका, तुम्ही घोडेगावला या. ज्यांची निवड होईल त्यांच्या घरी एकदा जाऊन मावशीच्या प्रश्नांना उत्तरं द्या. शर्यतवाला खोंड बघायला स्वतः बाजारात जातो. घरी बसून 'चांगला खोंड असेल तर अर्ज करावा' अशी नोटीस काढत नाही.

एवढं केल्यानं २०२८ ला महाराष्ट्राचं नाव यादीत येईल का? नाही. २०३२ लाही कदाचित नाही. या कामाची हीच पंचाईत आहे. फळ येतं तेव्हा लावणारा खुर्चीवर नसतो, म्हणून लावायची घाई कुणालाच नाही. पानपोष सुरू करणाऱ्यांनी तेवढी वाट बघितली.

मावसभावाला मी एवढंच सांगितलंय की पुढच्या चाचणीची तारीख काढायचं काम माझं. पोरीचं वय अजून बसतंय, पण फार वर्षं बसणार नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी जुन्नर, घोडेगाव, भीमाशंकरकडच्या शाळांत शिकवत असेल तर वर्गातल्या दोन-चार पोरांची नावं आत्ताच एका कागदावर लिहून ठेवा. आणि नात्यातल्या मंडळींनो, पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर पोरांना नुसता खाऊ देऊन येऊ नका. एकदा खाचराच्या बांधावर पळवून बघा.